वाचकांचे प्रश्न : एल्फांची भाऊबंदकी

कल्पित साहित्यातील वंश आणि त्यांची राज्ये या विषयावर वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे एल्फ या माणसांसारख्या दिसणाऱ्या एकाच कल्पित जमातीभोवती, आणि त्यातही एल्फांच्या आपापसांतील जमिनीच्या तंट्यांभोवती फिरत आहेत. ज्या जिल्ह्यात उसाच्या सरीपेक्षा बांधाची मोजणी अधिक काळजीने केली जाते, तेथील वाचकांना या तंट्यांत रस वाटावा हे ओघाने आलेच. जागेअभावी पत्रे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर) : ‘द सिल्मरिलियन’मध्ये राजा थिंगोल स्वतःला साऱ्या बेलेरियांड प्रदेशाचा स्वामी म्हणवतो. पश्चिमेकडून आलेले नोल्डोर मात्र त्याला न विचारता तेथे राज्ये स्थापन करतात. दोघेही एल्फच आहेत. मग जमिनीवर खरा हक्क कोणाचा?

उत्तर : पुस्तक न वाचलेल्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलियन’ प्रसिद्ध केले. त्यातील कथेनुसार एल्फ पूर्वेकडे एका सरोवराकाठी जागे होतात, देवतासमान वालार त्यांना पश्चिमेच्या प्रकाशमय भूमीत बोलावतात, काही जण जाण्यास साफ नकार देतात आणि उरलेले तीन टोळ्यांनी पश्चिमेची वाट धरतात : वान्यार, नोल्डोर आणि संख्येने सर्वांत मोठे टेलेरी. टेलेरींचा नायक एल्वे वाटेत नान एल्मोथच्या अरण्यात मेलियन या दिव्य स्त्रीला पाहून भान हरपतो आणि वर्षानुवर्षे तेथेच खिळून राहतो. त्याचे बरेचसे लोक अखेर त्याचा भाऊ ओल्वे याच्याबरोबर समुद्रापार निघून जातात. काही मात्र राजा सापडल्याशिवाय हलायचे नाही म्हणून मागे राहतात. हे मागे राहिलेले ते सिंडार, आणि अरण्यातून परतलेला राजा तो थिंगोल.

तेव्हा सिंडारांच्या दाव्याचा पाया ‘आम्ही येथेच राहिलो’ हा आहे. नोल्डोर पश्चिमेला पोहोचले, तेथे शिकले-सवरले, आणि अंधाराचा स्वामी मोरगॉथ याने त्यांची रत्ने पळवून त्यांचा राजा फिन्वे याला ठार केल्यावर सूडासाठी परत आले. त्यांच्या दाव्याचा पाया ‘आम्ही लढायला आलो’ हा आहे. एकाजवळ वहिवाट आहे, दुसऱ्याजवळ तलवार. थिंगोलचा दावा पोकळ मुळीच नव्हता, कारण समुद्रकाठच्या किर्दानच्या खलाशांपासून पूर्वेच्या निळ्या पर्वतांतील भटक्या शिकाऱ्यांपर्यंत सर्व एल्फ त्याला आपला स्वामी मानत होते. मात्र मोरगॉथविरुद्धच्या पहिल्या लढाईनंतर मेलियनने आपल्या सामर्थ्याने नेल्डोरेथ आणि रेगियन या अरण्यांभोवती अदृश्य कडे उभारले आणि त्या कड्याच्या आतल्या प्रदेशाला डोरियाथ, म्हणजे कुंपणाचा देश, असे नाव पडले. जो राजा सारा मुलूख आपला म्हणतो तोच कुंपण मात्र घराभोवतीच्या अरण्याला घालतो, ही विसंगती पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळ आहे.

नोल्डोर येऊन स्थिरावू लागल्यावर थिंगोलने अँग्रॉड या आप्ताबरोबर त्यांना निरोप पाठवला. उत्तरेच्या हिथलुममध्ये, डोर्थोनियनच्या पठारावर आणि डोरियाथच्या पूर्वेकडील ओसाड रानात त्यांनी खुशाल राहावे. इतरत्र आपली माणसे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांना कोणी घराबाहेर काढलेले आपल्याला खपणार नाही, असा त्याचा आशय होता. निरोपाचा उत्तरार्ध नीट वाचावा. सीमाभागाच्या वादात खेडे हा घटक आणि लोकेच्छा ही सूत्रे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. जेथे आमची माणसे राहतात तेथे आमचा शब्द, हे थिंगोलचे म्हणणे त्याच जातीचे आहे आणि ते मला पूर्णपणे न्याय्य वाटते. गोची पूर्वार्धात आहे. नोल्डोरांमधील थोरल्या शाखेचा माएध्रोस हा निरोप ऐकून हसला. जो आपले राखू शकतो तो राजा, आणि थिंगोल आपल्याला जी जमीन देतो आहे तेथे त्याची सत्ता पोहोचतच नाही, असे तो म्हणाला. बोलणे उर्मट होते, पण खोटे नव्हते. नोल्डोर आले तेव्हा किर्दानची बंदरे मोरगॉथच्या ओर्क सैन्याच्या वेढ्यात होती, आणि हे सैन्य नोल्डोरांशी लढण्यासाठी उत्तरेकडे वळले म्हणून तो वेढा उठला. पुढे जवळजवळ चारशे वर्षे मोरगॉथला त्याच्या गडात कोंडून ठेवण्याचे काम उत्तरेच्या त्याच बोडक्या टेकड्यांवर बसलेल्या नोल्डोरांनी केले.

येथे आपल्याकडील एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. १७३१ च्या वारणेच्या तहाने साताऱ्याचे शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज या चुलत भावांनी वारणा नदी ही आपल्या राज्यांमधील सीमा मान्य केली. हा तह लढाईनंतर झाला आणि तो बरोबरीच्या दोघांत झाला असेही म्हणता येणार नाही, तरी कागदाच्या दोन्ही बाजूंना माणसे बसली होती. थिंगोलने तह केला नाही. ज्यांनी मागितले नव्हते त्यांना त्याने इनाम दिले, आणि न मागितलेले इनाम हा घेणाऱ्याला उपकार वाटण्याऐवजी अपमान वाटतो. त्या सभेत खुद्द नोल्डोरांमध्येच वाजले. माएध्रोसचा भाऊ काराँथिर अँग्रॉडला, थिंगोलचा निरोप्या झालास म्हणून, सर्वांदेखत टाकून बोलला. ते शब्द अँग्रॉड विसरला नाही, आणि त्याची किंमत पुढे साऱ्या नोल्डोरांना मोजावी लागली. पुढच्या उत्तरात ते येईलच.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडचा जमिनीचा वाद तीन पिढ्या चालला तरी मूळ भांडणारे केव्हाच गेलेले असतात. वारसाची नोंद होते, फेरफार होतो, आणि बारा वर्षांच्या वहिवाटीची भाषा गावातील कोणीही बोलू शकतो. एल्फ अमर आहेत. थिंगोल हा फिन्वेचा तरुणपणीचा मित्र होता, आणि आता त्याच फिन्वेचे नातू त्याच्या दारात उभे आहेत. त्यांच्या सातबाऱ्यावरचे नाव कधीच बदलत नाही, साक्षीदार कधीच मरत नाहीत आणि कोणताही शब्द जुना होत नाही. टोल्कीन यांच्या एल्फांची भांडणे माणसांच्या भांडणांहून कडू होतात ती म्हणूनच, असे मला वाटते.

तुमच्या प्रश्नात एक दावेदार राहून गेला आहे, आणि तो पुस्तकातील बहुतेक एल्फांच्याही लक्षात राहिलेला नाही. नारोग नदीकाठच्या ज्या गुहांत नोल्डोर राजा फिनरॉड याने नार्गोथ्रोंड हे वैभवशाली नगर वसवले, त्या आधी ड्वार्फ म्हणजे बुटक्यांच्या एका परागंदा जमातीने कोरल्या होत्या. हे बुटके कोण आहेत हे कळण्यापूर्वी सिंडार त्यांची श्वापदांसारखी शिकार करीत असत. ‘आम्ही आधीचे’ हे थिंगोलचे म्हणणे नोल्डोरांपुढे टिकते. त्या गुहांच्या तोंडाशी टिकत नाही.

प्रश्न (निवृत्त मराठी शिक्षक, गडहिंग्लज) : गुन्हा रक्तपाताचा असताना थिंगोलने नोल्डोरांच्या भाषेवर बंदी का घातली? भाषेने काय अपराध केला होता? आयुष्यभर भाषा शिकवल्यामुळे हा प्रसंग मला फार लागला.

उत्तर : गुरुजी, या पुस्तकातील सर्वांत राजकीय प्रसंग आपण नेमका हेरला आहे. पश्चिमेहून निघताना फेआनोरच्या नेतृत्वाखालील नोल्डोरांनी अल्क्वालोंडे येथील टेलेरींची जहाजे मागितली. नकार मिळाल्यावर जहाजे बळाने घेतली आणि अनेक टेलेरींना ठार केले. मारले गेलेले लोक ओल्वेचे, म्हणजे थिंगोलच्या सख्ख्या भावाचे होते. बेलेरियांडमध्ये आल्यावर नोल्डोरांनी ही गोष्ट दडवून ठेवली. कुजबुज पसरली, ती थिंगोलच्या कानी गेली, आणि त्याने जाब विचारला तेव्हा काराँथिरने केलेला जुना अपमान आठवून अँग्रॉडने सगळे सांगून टाकले. त्यावर थिंगोलने फर्मावले की, आपल्या भावाच्या लोकांचा वध करणाऱ्यांची क्वेन्या भाषा यापुढे आपल्या राज्यात उघडपणे बोलली जाणार नाही, सिंडारांनी ती बोलू नये आणि कोणी त्या भाषेत बोलल्यास उत्तरही देऊ नये.

त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग होते हे पाहिले पाहिजे. युद्ध पुकारावे तर मोरगॉथला आवरणारी फळीच कोसळणार. हाकलून द्यावे तर ज्या टेकड्यांवर ते बसले आहेत तेथे याचा एकही शिपाई नाही. शासन केल्यावाचून राहावे तर भावाच्या लोकांच्या रक्ताला मोल नाही असा अर्थ होणार. बाकी राहिली ती भाषा. आणि गंमत अशी की, ज्या राजाचा जमिनीवरचा दावा हसण्यावारी नेला गेला होता, त्याचा भाषेवरचा हुकूम डोरियाथच्या कुंपणापलीकडेही चालला. नोल्डोर सरदार आपापसात क्वेन्या बोलत राहिले, पण रोजच्या व्यवहारात साऱ्यांनी सिंडारिन उचलली आणि क्वेन्या ग्रंथांची व विद्येची भाषा होऊन बसली. थिंगोल बेलेरियांडचा राजा होता की नव्हता, याचा मला तरी याहून मोठा पुरावा दिसत नाही. अर्थात हुकूम चालला याचे थोडे श्रेय संख्याबळाला द्यावे लागेल. सिंडार जास्त होते, नोल्डोर त्यांच्यात मिसळून राहत होते, आणि बाजारात, स्वयंपाकघरात जी भाषा चालते तिच्यापुढे दरबारी भाषा सहसा हरते, हे आपल्याला मी सांगावे असे नाही.

क्वेन्याच्या ठेवणीमागे फिनिश आणि सिंडारिनच्या ठेवणीमागे वेल्श भाषेचा प्रभाव आहे, हे टोल्कीन यांच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. ते स्वतः ऑक्सफर्ड येथे जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि भाषेच्या बारीकसारीक फरकांतून घराणी कशी फुटतात हे त्यांना पुरते ठाऊक होते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका टिपणात तर नोल्डोरांमधील फूट एका व्यंजनापाशी येऊन ठेपते. जीभ दातांशी नेऊन उच्चारायचा एक जुना ध्वनी नोल्डोरांच्या बोलण्यात हळूहळू ‘स’ झाला. फेआनोरची आई मीरिएल हिच्या दुसऱ्या नावात तो जुना ध्वनी होता आणि तिने तो शेवटपर्यंत सोडला नाही. ती गेल्यावर वडिलांनी दुसरे लग्न केले. त्यानंतर जो कोणी ‘स’ म्हणेल तो आपल्या आईचा अवमान करतो, असे फेआनोरने ठरवून टाकले, आणि उच्चार हे पक्षाचे निशाण बनले.

हे वाचताना आपल्याकडची एक गोष्ट हटकून आठवते. कोल्हापूरची मुलगी सहजपणे ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणते. तीच मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली की पहिल्याच आठवड्यात वसतिगृहातील कोणीतरी हसते. मग ती एक तर चारचौघांत ‘येते, जाते’ म्हणू लागते आणि फक्त घरी फोन करताना ‘येतो’वर परतते, किंवा हट्टाने सगळीकडे ‘येतो’च म्हणते. पहिली वाट बहुतेक नोल्डोरांची, दुसरी फेआनोरची.

प्रश्न (वाचक, शाहूपुरी) : ‘एल्फ’ला मराठीत यक्ष म्हणावे की गंधर्व?

उत्तर : दोन्ही नको. यक्ष म्हटले की कुबेर, धनाची राखण आणि तळ्याकाठचे प्रश्न मनात येतात. गंधर्व म्हटले की गाणे, आणि आपल्याकडे तर थेट संगीत नाटक. शिवाय यक्ष-गंधर्वांची वंशावळ, त्यांच्या बोलीभाषा आणि त्यांच्या शाखांमधील सरहद्दी असे काही आपल्या कथांमध्ये तपशिलाने येत नाही, आणि या स्तंभातील सगळे वाद तर त्याच तपशिलांचे आहेत. ‘परी’ हा शब्द आणखीच दूरचा. टेबल आणि स्टेशन पचवणाऱ्या मराठीला ‘एल्फ’ जड जाऊ नये.

प्रश्न (वाचक, राधानगरी तालुका) : मर्कवुड आणि लोथलोरिएन या दोन्ही अरण्यांतील सामान्य एल्फ वनवासी आहेत, पण राजे व सरदार बाहेरचे आहेत. जंगलात राहणाऱ्यांवर बाहेरच्यांनी राज्य करावे हे लेखकाला खटकले नाही का?

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. पश्चिमेच्या त्या पहिल्या प्रवासात टेलेरींपैकी काही जण धुक्याच्या पर्वतांची रांग पाहून थबकले आणि अँडुइन या महानदीच्या खोऱ्यात उतरले. वनवासी एल्फ हे त्यांचे वंशज. पहिल्या युगाच्या अखेरीस बेलेरियांड समुद्रात बुडाल्यावर तेथून वाचलेले काही सिंडार सरदार पूर्वेकडे आले आणि या वनवासींचे राजे झाले. मर्कवुडचा थ्रांडुइल हा अशाच एका सरदाराचा, ओरोफेरचा मुलगा. लेगोलस हा थ्रांडुइलचा मुलगा. लोथलोरिएनला आधी असेच सिंडार राजे होते, आणि तिसऱ्या युगाच्या १९८१ साली तेथील अखेरचा राजा अम्रोथ हरवल्यावर गॅलाड्रिएल आणि केलेबोर्न यांनी त्या अरण्याचा भार उचलला.

लेखकाला हे खटकले की नाही हे सांगणे अवघड आहे. पण त्याने या पाहुण्यांना एका मापाने मोजलेले नाही, हे मात्र दाखवता येते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अपूर्ण लेखनात ओरोफेर आणि त्याचे सोबती वनवासींमध्ये मिसळून गेले, त्यांची भाषा व रीत त्यांनी स्वीकारली, असे येते. आपल्या जमातीने पश्चिमेच्या थोरवीला भुलण्यापूर्वी जे साधे जीवन होते तिकडे परत जाण्याची त्यांची इच्छा होती. म्हणजे राजा बाहेरचा, पण संस्कृती वनाची. तोच ओरोफेर पुढे मोरगॉथचा सेवक सॉरॉन याच्याविरुद्धच्या महायुद्धात नोल्डोर राजा गिल-गॅलाडच्या हुकुमाखाली राहायला तयार झाला नाही, इशाऱ्याची वाट न पाहता त्याने चढाई केली आणि मारला गेला. थ्रांडुइल घरी परतला तेव्हा बापाच्या सैन्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता. डोरियाथच्या काळचा सिंडार-नोल्डोर अविश्वास एक संपूर्ण युग उलटूनही शिल्लक होता, आणि त्याची किंमत त्या भांडणाशी काहीच संबंध नसलेल्या वनवासींनी मोजली. गॅलाड्रिएल आणि केलेबोर्न यांनी मात्र राजा-राणी ही पदवी घेतली नाही. आपण या लहानशा भूमीचे राखणदार आहोत, असे ते म्हणत. हा विनय खरा की सोयीचा, यावर वाचकांनी वाद घालावा.

राजाच नको म्हणणारे एल्फही टोल्कीन यांनी दाखवले आहेत. ऑसिरिआंडच्या हरित एल्फांचा नायक डेनेथोर पहिल्याच लढाईत पडला, आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा कधीही राजा केला नाही. पुढे माणसांची पहिली टोळी पर्वत उतरून त्यांच्या मुलखात आली, तेव्हा हे लोक झाडे तोडतात आणि जनावरे मारतात, यांना येथून हलवा, अशी तक्रार घेऊन हे एल्फ फिनरॉडकडे गेले. राजा नसलेल्या लोकांनाही वेळ आली की शेजारच्या राजाच्या दारात जावे लागले. दाजीपूरच्या रानाशेजारी राहणाऱ्याला ही तक्रार आणि तिची दुसरी बाजू दोन्ही समजतील.

अरण्याच्या सीमेचा खरा चेहरा पाहायचा असेल तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील लोथलोरिएनच्या नाक्यावरचा प्रसंग पुन्हा वाचावा. हाल्डिर हा पहारेकरी एकट्या गिमली या बुटक्याचे डोळे बांधायचे म्हणतो. गिमली कुऱ्हाडीला हात घालतो. तंटा मिटवण्यासाठी त्यांच्या तांड्याचा नेता आरागॉर्न म्हणतो की, सर्वांचेच डोळे बांधा. त्याबरोबर लेगोलस चिडतो : मी एल्फ आहे, यांचा आप्त आहे, माझे डोळे का? दुसऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जात असताना त्याला सीमा दिसली नव्हती; ती आपल्या डोळ्यांवर आली तेव्हा दिसली. सगळेच त्या पट्ट्या बांधून चालत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी आतून निरोप आल्यावरच त्या सुटतात.

या दोन अरण्यांच्या कथेचा शेवट त्याच पुस्तकाच्या परिशिष्टातील काही ओळींत दडला आहे. सॉरॉनचा पाडाव झाल्यावर थ्रांडुइल आणि केलेबोर्न मर्कवुडच्या मध्यभागी भेटले, त्यांनी त्या अरण्याला नवे नाव दिले आणि वाटणी केली. उत्तरेचा भाग थ्रांडुइलने घेतला, दक्षिणेचा केलेबोर्नने, आणि मधला विस्तीर्ण पट्टा बेओर्निंग व वनमानव या माणसांना देऊन टाकला. टोल्कीन यांच्या साऱ्या लेखनात दोन एल्फ राजांनी समोरासमोर बसून, रक्त न सांडता केलेली अशी दुसरी वाटणी मला आठवत नाही. ती मात्र प्रकरणात नाही, सनावळीत आहे. भांडणांना प्रकरणे मिळतात, समझोत्याला तीन-चार ओळी, याबद्दल माझी लेखकावर थोडी नाराजी आहे.

प्रश्न (वाचक, इचलकरंजी) : एओल हा खलनायक आहे हे मान्य. पण गोंडोलिनच्या दरबारात तो नोल्डोर राजा टुरगॉनला जे सुनावतो ते मला पटते. माझे चुकते आहे का?

उत्तर : चुकत नाही. एओल हा सिंडार कुळातील एकांतप्रिय लोहार. नान एल्मोथच्या गर्द रानात तो राहत असे, आणि नोल्डोर आल्यामुळेच या देशाची शांती गेली असे त्याचे ठाम मत होते. टुरगॉनची बहीण आरेडेल वाट चुकून त्याच्या रानात आली आणि त्याची पत्नी झाली. बऱ्याच वर्षांनी ती मुलाला घेऊन गुप्त नगरी गोंडोलिनकडे पळाली, आणि एओल पाठलाग करीत तेथे पोहोचला. ज्याने ही नगरी पाहिली त्याने पुन्हा बाहेर जायचे नाही, हा टुरगॉनचा कायदा होता. त्यावर एओल म्हणाला की, हा मुलूख टेलेरींचा आहे. येथे राज्ये बळकावण्याचा आणि हद्दी आखण्याचा तुम्हाला किंवा तुमच्या कुळाला काहीही अधिकार नाही. टुरगॉनचे उत्तर असे की, तुझे अंधारे रान आमच्या तलवारींमुळेच सुरक्षित आहे, आणि येथे माझा शब्द हाच कायदा आहे. येथे राहा किंवा येथेच मर.

म्हणजे थिंगोल आणि माएध्रोस यांचा तोच वाद पुन्हा झाला, फक्त या वेळी मध्ये निरोप्या नव्हता. दोघांचे युक्तिवाद कागदावर मांडले तर मी एओलच्या बाजूने कौल देईन. पण लेखकाने हे बरोबर वाक्य अशा माणसाच्या तोंडी घातले आहे की, ज्याने स्वतःच्या बायकोला सूर्यप्रकाशात फिरण्याची आणि आपल्या आप्तांना भेटण्याची मनाई केली होती. आरेडेलने मुलाला एक नाव गुपचूप, नोल्डोरांच्या निषिद्ध भाषेत ठेवले होते. परक्याने हद्द आखू नये म्हणणाऱ्याने घरात आखलेली हद्द टुरगॉनच्या हद्दीहून अरुंद होती. मृत्यूची निवड करून एओलने मुलावर फेकलेला विषारी भाला आरेडेलने अंगावर घेतला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी एओलला कड्यावरून लोटण्यात आले. दावा खरा असू शकतो आणि दावेदार वाईट, हे गावच्या चावडीवर बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेले असते.

प्रश्न (वाचक, मंगळवार पेठ) : टोल्कीन यांच्याखेरीज इतरांनी हा विषय हाताळला आहे का?

उत्तर : भरपूर, पण बऱ्याच ठिकाणी नावे बदलून तेच. दोनच सांगतो. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या १९८४ पासूनच्या ‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्यांत सिल्वानेस्ती आणि क्वालिनेस्ती ही दोन अभिमानी एल्फ राज्ये आहेत, आणि युद्धामुळे दोघांनाही घरदार सोडावे लागते तेव्हा ती कागोनेस्ती या रानटी समजल्या जाणाऱ्या एल्फांच्या भूमीत येऊन पडतात. तेथे एका नदीच्या दोन काठांवर बसून ती एकमेकांकडे डोळे वटारतात, आणि ज्यांची भूमी आहे त्या कागोनेस्तींना नोकर म्हणून राबवतात. निर्वासितही बघता बघता मालक होतो हे त्यात चांगले आले आहे. दुसरे, पोलिश लेखक आंद्रे सापकोव्स्की यांच्या विचर कथा. त्यांत माणसांनी सुपीक खोऱ्यांतून हुसकावलेले एल्फ डोंगरात उपाशी आहेत, कारण त्यांना नांगर धरणे कधी ठाऊकच नव्हते. पुढे एका सम्राटाच्या कृपेने त्यांना फुलांचे ते जुने खोरे परत मिळते. अट एवढीच की, त्याच्यासाठी जंगलात लढलेल्या स्वतःच्या तरुणांना राणीने वाऱ्यावर सोडावे. थिंगोलच्या न मागितलेल्या इनामापेक्षा हे इनाम महाग पडले.

प्रश्न (होतकरू लेखक, पन्हाळा तालुका) : वारणेच्या दोन काठांवरील दोन वनजमातींवर मी मराठीत कल्पित कादंबरी लिहीत आहे. त्यांच्या संस्कृतीतील फरक खरा वाटावा यासाठी काय करावे?

उत्तर : कपडे, केसांचे रंग आणि धनुष्यांचे प्रकार यांच्या याद्या करीत बसू नका. भांडणाचा विषय लहान घ्या : डोहातले मासे, एखाद्या कड्यावरची मधाची पोळी, किंवा पुरानंतर काठ बदलून पलीकडे गेलेली गाळाची पट्टी. मग तिच्याविषयीचा जुना करार दोन्ही जमातींना वेगवेगळा आठवू द्या. तुमची माणसे दीर्घायुषी असतील तर तो करार करताना हजर असलेला एक साक्षीदार अजून जिवंत ठेवा, आणि तो दोन्ही काठांना हवे ते सांगत असेल तर उत्तमच. एकच शब्द निवडा, जो एका काठावर रोजचा आहे आणि दुसऱ्या काठावर शिवी आहे. नकाशा सगळ्यात शेवटी काढा. त्याआधी नावाड्याला दोन्ही काठांवर कोणत्या नावाने हाक मारतात हे ठरवा. पहिले प्रकरण लिहून झाले की या स्तंभाच्या पत्त्यावर पाठवा. पण कृपा करून त्या नावाड्याला शेवटी हरवलेला राजपुत्र करू नका.